मत असलेला समुपदेशक चालेल काय?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी एक निकाल दिला. आंध्र प्रदेशात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचे ते प्रकरण होते. या निकालात न्यायालयाने देशभरातल्या शाळा, महाविद्यालये, शिकवणीवर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना घालून दिल्या आणि कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक राहतील, असे बजावले. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, ही त्यांतली एक सूचना. अनुसूचित जाती, जमाती व इतर मागासवर्गांतून आलेल्या मुलांशी भेदभाव न करता वागण्याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यावे, ही दुसरी. त्याआधी चार महिने, २४ मार्च २०२५ रोजी, याच न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले होते. दिल्लीच्या आयआयटीत २०२३ मध्ये मरण पावलेल्या दोन दलित विद्यार्थ्यांच्या पालकांनी न्यायालयाचे दार ठोठावले, त्यातून ते उभे राहिले.

म्हणजे आता गावोगावच्या शिक्षणसंस्थांत एक नवी खुर्ची येणार आहे. प्राध्यापकाची खुर्ची, प्राचार्याची खुर्ची, संस्थाचालकाची खुर्ची कुणाच्या वाट्याला आली, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. त्या खुर्च्यांसाठी आपण बिंदुनामावली तपासतो, अनुशेषावर मोर्चे काढतो, माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो. या नव्या खुर्चीवर कोण बसणार, त्याला काय यावे लागते, त्याला काय विचारायचे, याची मात्र आपल्यात चर्चाच नाही. आमच्या मते याचे कारण उघड आहे. मानसशास्त्रज्ञ नावाचा माणूस नेमके काय करतो, याविषयी आपल्या मनात गैरसमजांचा ढीग आहे. प्रस्थापितांच्याही मनात आहे. फरक इतकाच की त्यांच्या गैरसमजाने त्यांचे फारसे बिघडत नाही.

पहिला गैरसमज सर्वांना ठाऊक आहे. मानसशास्त्रज्ञ म्हणजे वेड्यांचा डॉक्टर! खरे तर गोळ्या लिहून देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ. तो एमबीबीएस करून पुढे त्या विषयाचे शिक्षण घेतो. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून, चाचण्यांतून, ठरावीक पद्धतींनी काम करतो, तो औषध लिहीत नाही. त्यांतल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नुसत्या 'समुपदेशक' या पाटीला मात्र आजवर कुणाची आडकाठी नव्हती. पंधरा दिवसांचा वर्ग केलेलाही ती लावत आला आहे. मानसशास्त्रज्ञ चेहरा पाहून मन वाचतो, हा दुसरा गैरसमज. त्यापायी आपल्यातले कित्येक जण अशा माणसासमोर बसायलाच बिचकतात. आणि तिसरा म्हणजे तो सल्ला देतो. सल्ला द्यायला आपल्या वस्तीत काय कमी माणसे आहेत? त्यासाठी कुणी सहा वर्षे शिकायची गरज नाही.

या गैरसमजांना आपल्या राजकारणानेही खतपाणी घातले आहे. विरोधकाने टीका केली की, 'त्यांचे मानसिक संतुलन बिघडले आहे, त्यांना ठाण्याच्या इस्पितळात पाठवा,' हे उत्तर ठरलेले. सत्ताधारी ते देतात, विरोधक देतात आणि आमच्या व्यासपीठांवरूनही ते दिले जाते, टाळ्याही पडतात. त्या सभेत मागच्या रांगेत एखादा मुलगा बसलेला असतो. तीन महिने त्याला झोप नसते, पुस्तक उघडले की अक्षरे पुढे सरकत नाहीत. तो या टाळ्या ऐकतो आणि आपण कुठे जायचे नाही, हे मनाशी ठरवून घरी जातो. देशात २०१५-१६ साली निम्हान्स या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. वेगवेगळ्या मानसिक आजारांत सुमारे ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत, असे त्यात आढळले. त्या सत्तर-नव्वदांत आपली माणसे किती असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

पण आज आम्हाला बोलायचे आहे ते याहून खोल गेलेल्या दोन गैरसमजांविषयी. एक, मानसशास्त्रज्ञाने समोरच्याशी सहानुभूती ठेवायची म्हणजे त्याच्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलवायची. दुसरा, मानसशास्त्रज्ञाला स्वतःचे मत असता कामा नये. तो पांढऱ्या भिंतीसारखा कोरा हवा.

आपल्या भाषेचीच इथे एक अडचण आहे. 'सहानुभूती' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. नेता वारला की त्याच्या मुलाला सहानुभूतीची लाट निवडून आणते, म्हणजे दया, हळहळ. दलितांविषयी सहानुभूती असणारे सुधारक आपण शंभर वर्षे पाहिले. तीही बहुतेक वेळा वरून खाली ओतलेली कणवच होती आणि आपल्या आधीच्या पिढ्यांनी ती स्वच्छ नाकारली. दया नको, हक्क हवा! मानसशास्त्रात ज्याला समानुभूती म्हणतात, ती ही नव्हे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एका निबंधात समुपदेशनासाठी लागणाऱ्या अटी मांडल्या. समोरच्याचे जग त्याच्या जागी उभे राहून पाहणे, जणू ते आपलेच आहे असे समजून पाहणे, पण ते 'जणू' कधीही न विसरणे, असे त्यांचे म्हणणे होते. साऱ्या शास्त्राचा कणा या 'जणू'त आहे. 'जणू' विसरला की समुपदेशक समोरच्याबरोबर बुडतो. तिथवर पोहोचलाच नाही, तर तो काठावर उभा राहून नुसत्या सूचना देतो.

याच निबंधात रॉजर्स यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. समोरच्या माणसाचा माणूस म्हणून बिनशर्त स्वीकार, आणि समुपदेशकाचा स्वतःशी प्रामाणिकपणा. हा तिसरा मुद्दा फार कमी लोक लक्षात घेतात. समुपदेशकाला राग येतो, मत असते, पूर्वग्रह असतात. ते नाहीत असे सोंग त्याने स्वतःशी करू नये, असा त्याचा अर्थ. कोऱ्या भिंतीची कल्पना इथेच निकालात निघते.

माणसाचे कोणते म्हणणे समजून घेणे म्हणजे ते मान्य करणे नव्हे, हे आपल्याला नवे वाटायला नको. एखाद्या बापाने मुलीचे कॉलेज सोडवले, तर तो तसे का वागला, त्याला कशाची भीती वाटली, हे समजून घेता येते आणि तरीही त्याने केले ते चूक होते, असे म्हणता येते. चांगला मानसशास्त्रज्ञ रोज हेच करतो. बायकोला मारणारा नवरा, चोरी करणारा पोरगा, जातीचा माज मिरवणारा तरुण हे सगळे त्याच्यासमोर येऊन बसतात. तो मान डोलावतो ती 'मला कळते आहे' या अर्थाने. 'तुझे बरोबर आहे' या अर्थाने नव्हे.

आता मताकडे वळू. मानसशास्त्रज्ञ नागरिक आहे. तो मतदान करतो, वर्तमानपत्र वाचतो, त्याला धर्म असतो किंवा नसतो, आणि या देशात तो कोणत्या तरी जातीत जन्मलेला असतो. त्याने मत ठेवू नये, असे त्याच्या व्यवसायाचा कोणताही नियम सांगत नाही. मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. अमेरिकेत १९६४ च्या निवडणुकीत 'फॅक्ट' नावाच्या नियतकालिकाने बारा हजारांहून अधिक मानसोपचारतज्ज्ञांना पत्रे पाठवली आणि बॅरी गोल्डवॉटर हे उमेदवार राष्ट्राध्यक्षपदासाठी मानसिकदृष्ट्या पात्र आहेत काय, असे विचारले. ११८९ जणांनी नाही म्हणून कळवले. न तपासता! गोल्डवॉटर निवडणूक हरले, पण त्यांनी लावलेला बदनामीचा दावा जिंकले. पुढे १९७३ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नियम केला की ज्याला तपासलेले नाही, अशा सार्वजनिक व्यक्तीचे निदान कुणी जाहीर करायचे नाही. हा नियम नीट पाहावा. उमेदवाराच्या धोरणावर टीका करू नका, असे तो म्हणत नाही. आपल्या पदवीचे वजन वापरून मताला निदानाचा मुलामा चढवू नका, एवढेच तो सांगतो.

हा मुलामा किती घातक असतो, त्याचा इतिहास तर आपल्या वाचकांनी पाठच करावा. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने एक नवा आजार शोधून काढला. त्याचे नाव ड्रॅपटोमेनिया. लक्षण कोणते? गुलाम मालकाकडून पळून जातो! गुलामी ही त्याला निरोगी अवस्था वाटत होती, म्हणून स्वातंत्र्याची ओढ हा रोग ठरला, आणि उपचारांत चाबूकही होता. कार्टराइटला आपण मत मांडतो आहोत, असे वाटत नव्हते. आपण शास्त्र सांगतो आहोत, असेच त्याला वाटत होते. ज्याला आपले मत मत म्हणून दिसतच नाही, त्याच्याइतका धोकादायक तज्ज्ञ दुसरा नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये, म्हणजे १७० वर्षांनी, वंशभेदातील आपल्या शास्त्राच्या वाट्याबद्दल रीतसर माफी मागितली. आपल्याकडच्या संघटनांनी जातीबाबत असा हिशेब मांडावा, अशी अपेक्षा करणे गैर आहे काय?

याच्या उलट उदाहरण केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय पती-पत्नींचे. दोघेही मानसशास्त्रज्ञ. शाळांतला वर्णभेद वाईट, हे त्यांचे ठाम मत होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. त्यांनी लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली बाहुली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती, असे विचारले. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. काही मुले 'तुझ्यासारखी कोणती' या प्रश्नाला रडली. १९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्या निकालाच्या तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लिखाणाचा उल्लेख आहे. हे तटस्थ शास्त्रज्ञ नव्हेत, अशी ओरड तेव्हाही झाली. आमचे उत्तर असे की क्लार्क यांचे मत सर्वांना दिसत होते, त्यांच्या पद्धतीवर कुणीही बोट ठेवू शकत होते आणि अनेकांनी ठेवलेही. कार्टराइटच्या बाबतीत ती सोय नव्हती. आणि क्लार्क दांपत्य न्यायालयात साक्ष देऊन थांबले नाही. १९४६ पासून ते न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत मुलांसाठी मानसिक आरोग्याचे केंद्र चालवत होते. शाळेने मंदबुद्धीचा शिक्का मारलेली मुले तिथे येत, त्यांची पुन्हा चाचणी होई आणि कित्येकांचा शिक्का खोटा ठरे.

समुपदेशन की संघर्ष, असा वाद आपल्याकडे घालणाऱ्यांनी हे केंद्र ध्यानात घ्यावे. चळवळीतले काही मित्र आम्हाला म्हणतात, 'अन्याय समाजाने केला आणि उपचार मुलावर? हा तर प्रश्न वळवण्याचा डाव आहे.' या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. मुंबईच्या आयआयटीत १२ फेब्रुवारी २०२३ रोजी दर्शन सोळंकी या दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या अंतर्गत समितीला जातीभेदाचा थेट पुरावा सापडला नाही. अभ्यासातील घसरण हे कारण असावे, असे तिने सुचवले. कुटुंबाला हे मान्य नव्हते. मुलगा अभ्यासात मागे पडला, एवढ्यावर थांबायचे की मागे का पडला हे विचारायचे, हा प्रश्न तिथे उरतोच. मानसशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात 'समायोजन' नावाचे प्रकरण असते. आपला मुलगा त्रास सांगतो आणि त्याच्या नावापुढे 'समायोजनात अडचण' असा शेरा पडतो. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी सप्टेंबर १९६७ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात नेमक्या याच शब्दावर बोट ठेवले होते. काही गोष्टींशी जुळवून न घेणे हेच शहाणपणाचे असते आणि वंशभेद ही त्यांतली एक, असे त्यांनी त्या सभेला सुनावले. बाबासाहेबांनीही १९३६ मध्ये जात ही मनाच्या अवस्थेत रुतलेली आहे, असे मांडले होते. ते मन भेदभाव करणाऱ्याचे होते. आजार तिथे आणि शेरा इथे, असे कसे चालेल?

पण हे सगळे खरे असूनही, ज्याला रात्री झोप येत नाही त्याला आज रात्री झोप लागली पाहिजे. मोर्चा पुढच्या महिन्यात आहे. चौकशी समितीचा अहवाल वर्षाने येईल. रोहित वेमुला यांच्या आई राधिका आणि डॉ. पायल तडवी यांच्या आई आबेदा यांनी शिक्षणसंस्थांतील जातीभेदाविरुद्ध २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. या दोन मातांनी जे सोसले त्यानंतर, जिवंत असलेल्या मुलाला आज हात देणे हे संघर्षाच्या आड येते, असे कुणी म्हणू नये.

तेव्हा मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, एखाद्या महाविद्यालयातल्या समुपदेशकाचे मत आरक्षणाच्या विरोधात आहे. त्याने ते समाजमाध्यमावर जाहीरही केले आहे. चालेल काय? आमच्यातले बरेच जण तात्काळ म्हणतील, हाकला! प्रस्थापित म्हणतील, ते त्याचे वैयक्तिक मत, कामाशी काय संबंध? आम्हाला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

मत बाळगण्याचा अधिकार त्याला घटनेने दिला आहे, आणि ती घटना कुणी लिहिली हे आपण जाणतो. पण समुपदेशन विश्वासावर चालते. आरक्षणातून आलेला मुलगा त्याच्या दाराशी येण्याआधीच त्याची भिंत वाचतो आणि परत फिरतो. तिथे त्या समुपदेशकाचे कौशल्य कितीही मोठे असो, ते वापरण्याची वेळच येत नाही. आपले जाहीर बोलणे कुणाला दाराबाहेर ठेवते, याचा विचार करणे हा त्या कामाचाच भाग आहे. न्यायाधीश जसा आपल्यापुढे येऊ शकणाऱ्या खटल्यावर जाहीर बोलत नाही, तसेच हे.

आणि मुलगा आत गेलाच तर? मत तिथे भाषण देत नाही, ते प्रश्नांत शिरते. मुलगा म्हणतो, 'वर्गात सगळे मला माझी रँक विचारतात.' एक समुपदेशक विचारतो, 'मग तुला काय वाटते? घरी कुणाला सांगितलेस? कोण विचारतो, किती वेळा?' दुसरा विचारतो, 'पण तुला असे का वाटते की ते जातीवरून विचारतात?' दुसऱ्याचा आवाज तितकाच मऊ असतो. त्याला आपण तटस्थ आहोत, असे मनापासून वाटत असते. पण त्या एका प्रश्नाने मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले असते. पुढच्या वेळी तो येत नाही आणि नोंदवहीत 'विद्यार्थी अनुपस्थित' एवढेच राहते. वास्तविक देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेत, दिल्लीच्या एम्समध्ये, दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते हे डॉ. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ मध्येच लिहून ठेवले आहे. वसतिगृहात वेगळे पडण्यापासून शिक्षकांच्या वागण्यापर्यंत. समुपदेशकाने तो अहवाल वाचलेला असेल तर तो 'असे का वाटते' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारणार नाही.

इथे समानुभूतीचीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. ती आपोआप आपल्यासारख्या माणसाकडे वाहते. पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये तिच्याविरुद्ध एक अख्खे पुस्तकच लिहिले. ती टॉर्चच्या झोतासारखी आहे, जिथे वळवली तिथेच उजेड आणि बाकी अंधार, हा त्याचा मुख्य आक्षेप. त्याचे सारे म्हणणे आम्हाला पटत नाही, पण हे पटते. सदाशिव पेठेत वाढलेल्या सुस्वभावी समुपदेशिकेला परीक्षेत दोन गुण कमी पडलेल्या मुलीचे दुःख पटकन कळते. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही म्हणून खानावळीत जायचे टाळणाऱ्या नंदुरबारच्या मुलाचे दुःख तिला कळायला आधी शिष्यवृत्ती म्हणजे काय, ती कधी येते, उशीर झाला तर काय होते, हे माहीत असावे लागते. मन कितीही चांगले असले, तरी माहिती नसेल तर झोत तिकडे वळत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. ती आपल्याला बोचेल, पण ती मांडणे आम्हाला भाग आहे. समजा, खुर्चीवर आपला माणूस बसला. चळवळीत वाढलेला, कायदा जाणणारा. त्याच्यापुढे आपल्याच समाजातली मुलगी येते आणि म्हणते, 'मला तक्रार करायची नाही. मला फक्त दीड वर्ष काढून पदवी घेऊन इथून जायचे आहे.' आपल्या माणसाचे रक्त उसळते. ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झालाच पाहिजे, असे त्याचे मत असते आणि नागरिक म्हणून ते योग्यच असते. पण त्या खोलीत त्याचे काम काय? तिचे हक्क, कायद्याचा मार्ग, तक्रार केल्यास काय होईल आणि न केल्यास काय होईल, हे तिला स्वच्छ सांगणे, आणि निर्णय तिच्यावर सोडणे. 'तू गप्प बसलीस तर समाजाचा घात होईल,' असे तो म्हणाला, तर त्याने तिच्या खांद्यावर आणखी एक ओझे ठेवले. एखादा मुलगा येऊन सांगेल की मी आडनाव लपवतो, मी जयंतीच्या मिरवणुकीत जात नाही, माझ्या वर्गमित्रांनी पाहिले तर काय, ही भीती वाटते. ते ऐकताना आपल्यातल्या कार्यकर्त्याला राग येईल. त्या रागाखाली दबून त्या मुलाचे पुढचे वाक्य निसटू नये, यासाठीच हे शिक्षण असते.

आणि सवर्ण मुलगा आला तर? तो म्हणतो, 'माझी जागा आरक्षणवाल्याने खाल्ली, मला त्यांचा तिरस्कार वाटतो, मला जगावेसे वाटत नाही.' आपल्या समुपदेशकाने त्याच्याशी वाद घालायचा? आम्ही म्हणतो, नाही. त्या घडीला समोर जीव आहे आणि तो आधी. त्याची हार, त्याच्या बापाची अपेक्षा, त्याची भीती तो ऐकून घेईल. त्याच्या तिरस्काराला मात्र होकार देणार नाही. तो सावरल्यावर, 'तुझे अपयश तू ज्याच्या माथी मारतोस, त्याला तू ओळखतोस काय?' असे विचारण्याची वेळ कदाचित येईल, कदाचित येणार नाही. हे जमणे फार अवघड आहे. ज्याला जन्मभर असल्या तिरस्काराचे चटके बसले, त्याला तर दुप्पट अवघड. म्हणूनच या व्यवसायात समुपदेशकानेही आपली प्रकरणे, आपला राग, आपल्या चुका एखाद्या जाणत्या वरिष्ठापुढे नियमित मांडाव्यात, अशी रीत आहे. आपल्याकडच्या किती संस्था ती सोय आपल्या समुपदेशकाला देतात?

मत आड येते म्हणून समुपदेशकाने दार लावून घ्यावे काय, हाही प्रश्न जगात गाजलेला आहे. अमेरिकेच्या टेनेसी राज्याने २०१६ मध्ये असा कायदाच केला की समुपदेशक आपल्या तत्त्वांशी विसंगत वाटणाऱ्या माणसाला नाकारू शकतो. समलिंगी व्यक्तींना याचा फटका बसेल म्हणून तिथल्या समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने विरोध केला आणि २०१७ चे नॅशव्हिलला ठरलेले अधिवेशन त्या राज्यातून हलवले. आपल्याकडे तालुक्याच्या महाविद्यालयात जेव्हा एकच खुर्ची असते, तेव्हा 'मला जमत नाही, दुसऱ्याकडे जा' याचा अर्थ कुठेच जाऊ नको, असा होतो.

आपला कायदा याबाबत बऱ्यापैकी स्पष्ट आहे, हे अनेकांना माहीत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याचे तिसरे कलम म्हणते की एखाद्याचा मानसिक आजार त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जावरून ठरवता येणार नाही. समाजात रूढ असलेल्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक समजुतींशी त्याचे जुळत नाही, एवढ्यावरूनही तो ठरवता येणार नाही. म्हणजे कार्टराइटचा मार्ग आपल्या कायद्याने बंद केला आहे. अठराव्या कलमात सरकारी सेवा मिळण्याबाबत ज्या भेदांना मनाई आहे, त्यांत जातीचा स्पष्ट उल्लेख आहे. तेविसाव्या कलमात गोपनीयतेचा हक्क आहे. हा हक्क विशेष महत्त्वाचा, कारण महाविद्यालयाचा समुपदेशक संस्थेचा पगार घेतो. मुलाने विभागप्रमुखाविरुद्ध काही सांगितले आणि ते संध्याकाळी विभागप्रमुखाच्या टेबलावर पोहोचले, तर पुढे कोण तोंड उघडेल? जिवाला धोका असेल तेव्हा गोपनीयतेला अपवाद करावा लागतो, हे मान्य. पण तो अपवाद कोणता, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे.

ज्यांना आज, आत्ता कुणाशी बोलायचे आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

आता राहिले आपल्या विद्यार्थी संघटनांचे, पालकांचे आणि वसतिगृहांतल्या कार्यकर्त्यांचे काम. आपल्या महाविद्यालयात जाऊन विचारावे की समुपदेशक नेमला काय? नेमला असेल, तर त्याचे शिक्षण काय, नोंदणी आहे काय? की मराठीच्या प्राध्यापकाकडेच जादा कामाचा कागद दिला आहे? मुलांची बोली त्याला कळते काय? भेदभावाविषयीचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना कुणी दिले आणि किती तास दिले? समुपदेशकाची मते काय आहेत, हे विचारू नये. जातीविषयी त्याने काय वाचले आहे, हे मात्र जरूर विचारावे. खोली कुठे आहे, तेही पाहावे. ती प्राचार्यांच्या दालनासमोर असेल, तर जाणारा प्रत्येक मुलगा शिपायापासून सर्वांना दिसणार. आणि दाराशी ठेवलेल्या नोंदवहीत नावापुढे प्रवर्गाचा रकाना असेल, तर तो कुणाच्या सांगण्यावरून आखला आणि ती वही संध्याकाळी कुणाच्या कपाटात जाते, हे लेखी विचारून घ्यावे.